आऱ्याखालचा उस्ताद

तांडा, आर्णीजवळ
सोमवार, ९ फेब्रुवारी १९५९

माह्या प्रेमसिंगच्या डोक्यावर दादीचे दोन्ही हात.

पहिले हे पाह्य का हा कागद कोणाच्या हातचा आहे. माह्या! तांड्याच्या नायकाच्या ओसरीत वच्छलाबाई नावाची मास्तरीण दुपारी बायकांचा वर्ग घेते, तिथं मी दिवाळीपासून जाते. साऱ्यांत आधी मले लिहिता आलं. तानाबाई अजून 'ग' उलटा काढते. घरात आपली बोली अन् कागदावर मराठी, म्हणून मधात 'आई'च्या जागी 'याडी' असं काही इकडचं तिकडं झालं तं सांभाळून घेजो.

आता खरी गोठ. धरमसिंग बाजारात भेटला, म्हणे, "मानीकाकी, तुहा नातू झरीच्या जंगलात लाकडाच्या डेपोवर मुकादम झाला, बारा मानसं हाताखाली!" मी मिरच्या तोलायला टाकल्या होत्या, त्या तशाच सोडल्या अन् गूळ घेऊन घरी आली. साऱ्या तांड्यात वाटला. तुही माय हंसाबाई म्हणते, "याडी, पोराची मुकादमी पक्की तं होऊ द्या." मी म्हटलं, पक्की अन् कच्ची कायची? तो आंबा आहे काय?

पण माह्या डोक्यात एक घोळ आहे. आरा तू ओढत नाही. लाकूड तू उचलत नाही. मंग दिवसभर तू करतो काय? तुहा आजा लदेणीवाला, चाळीस बैलांवर मीठ लादून गावोगाव न्यायचा, पण गोणी स्वतः बी उचलायचा. मले नीट समजून सांग. मले वर्गात सांगायचं आहे.

जंगलात चारोळी असन तं पाठवजो.

तुही दादी मानीबाई
(सही बी माहीच)


लाकूड डेपो, झरी
रविवार, २२ फेब्रुवारी १९५९

दादी, तुझ्या पायांवर डोकं.

तुझं अक्षर पाहून मी कागद दोनदा उलटून पाहिला. खाली तुझं नाव वाचलं तेव्हा भर डेपोत मोठ्यानं हसलो. मुकादमानं हसू नये म्हणतात.

मी काय करतो ते सांगतो. इथे सहा आरे आहेत, म्हणजे दोघांनी मिळून ओढायच्या लांब करवती. सागाचा ओंडका लाकडाच्या उंच घोडीवर चढवतात. गेरूत भिजवलेली दोरी ताणून त्यावर लाल रेघ मारतात. एक जण वर उभा राहून आरा त्या रेघेवर चालवतो. दुसरा खाली उभा राहून ओढतो आणि तोंडावर भुसा घेतो. वर मान आहे, खाली भुसा आहे. म्हणून पाळी असते : सकाळी जो खाली, तो जेवणानंतर वर. हे सगळं वेळेवर आणि भांडण न होता चालवायचं, ते माझं काम. वेळेवर चालतं. भांडण न होता चालत नाही.

लखीराम नावाचा एक उस्ताद आहे. महागावकडच्या तांड्याचा, आपलाच माणूस. वीस वर्षं आरा ओढतो आहे. सकाळी खाली असतो तोवर गाय. जेवण झालं, वर जायची वेळ आली की वाघ. कधी म्हणतो आरा बोथट आहे, कधी म्हणतो दोरी वाकडी मारली, कधी जोडीदाराच्या बापापर्यंत जातो. शेवटी, "जाय, तूच चढ वर, तुले लय हौस!" म्हणून पुन्हा खालीच उभा राहतो. तासभर वाया. दोन जोडीदार त्याला सोडून गेले. आता भीमसिंग हा तरणा गडी त्याच्यासोबत दिलाय, तोही काल रडकुंडीला आला.

आई म्हणते ते खरं आहे. मुकादमी एका मोसमाची आहे. मे अखेर माल तयार झाला नाही तर साहेब मला घरी पाठवणार. मला कळत नाही, या माणसाचं काय करू?

तुझा प्रेमसिंग


तांडा
सोमवार, २ मार्च १९५९

बेटा प्रेमसिंग, दादीची माया पोचो.

तुहं पत्र मी वर्गात वाचलं. 'वर मान आहे, खाली भुसा आहे' हे ऐकून वच्छलाबाई म्हणते, वा! तानाबाई म्हणते, म्हणजे मानीबाईचा नातू दुसऱ्याले भांडू नका म्हणायचा पगार घेते? मी म्हटलं हो, अन् तुह्या घरी असा एक ठेवला असता तं तुही सून माहेरी गेली नसती. मंग ती चार दिवस माह्याशी बोलली नाही. बोलली नाही तं तिचा 'ग' सुलटा झाला, पाह्य!

आता तुहा लखीराम. मले बैलं समजतात, मानसं तेवढी नाही. पण आजा म्हणायचा, खोडी करणारा बैल तीन जातीचा. एक उपाशी. एक, ज्याच्या पाठीवर गोणीखाली जखम आहे, वरून दिसत नाही. अन् एक जन्माचाच तसा. उपाशी असन तं चारा टाक. गोणी उतरवून पाठ पाह्य. दोन्ही नसन तं त्याले मागं नको ठेवू, साऱ्यांच्या पुढं घाल, गळ्यात घुंगराचा पट्टा बांध. मान भेटला का खोडी जाते. आमचा एक कबरा बैल लाथा मारे, पुढं घातला तं असा चालला, जसा नवरदेव.

पण तो जेवून झाल्यावर भांडते हे मले समजलं नाही. मानूस जेवणाआधी भांडते. जेवल्यावर झोपते. उलटं काहून?

मी जवसाची चटणी पाठवून राह्यली. अर्धी त्याले दे.

तुही दादी


डेपो, झरी
शनिवार, १४ मार्च १९५९

दादी, राम राम.

चटणी दिली. खाल्ली, बोटं चाटली, आणि तासाभरानं भीमसिंगला म्हणाला, "तुह्या हातात आरा म्हणजे माकडाच्या हातात मुसळ." म्हणजे उपाशी नव्हे.

मग गोणी उतरवून पाठ पाहिली. म्हणजे जवळ बसवून विचारलं, उस्ताद, घरी सगळं ठीक ना? बायको सोनीबाई बरी आहे. दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात. वावरात तुरी बऱ्या झाल्या. एवढं सांगून म्हणाला, "मुकादम, हजेरी डेपोची घेतो का माह्या घराची?" दादी, मला कुठेच जखम सापडली नाही. मला वाटतं तो तिसऱ्या जातीचा आहे.

तेव्हा आता तुझा शेवटचा उपाय करतो. होळी झाली की साहेबांसाठी एक मोठा ओंडका कापायचा आहे, रुंद फळ्या हव्यात त्यांना. तसा सरळ साग दहा वर्षांत एकदा येतो म्हणतात. त्यावर लखीरामला दिवसभर वर उभा करणार, सगळ्यांसमोर, नारळ फोडून. मी हे बोललो तेव्हा तो काहीच बोलला नाही. पहिल्यांदा गप्प बसला. मला वाटतं पट्टा बांधायच्या आधीच गुण आला.

तुझा प्रेमसिंग


तांडा
शुक्रवार, २० मार्च १९५९

माह्या मुकादमाले दादीचे लाख आशीर्वाद.

गप्प बसला! पाह्य, मी म्हटलं होतं. मी साऱ्या तांड्यात सांगतलं का जंगलातला डेपो माह्या अकलेवर चालून राह्यला. तुही माय म्हणते, याडी, जरा थांबा. तिले सदा थांबाच लागते. तुह्या जन्माच्या वक्ती बी दोन दिवस थांबली.

होळीले पुरणाची आठवण नको काढू, मी तुह्या वाट्याचं खाईन.

दादी


डेपो, झरी
सोमवार, ३० मार्च १९५९

दादी,

ओंडका गेला.

नारळ फुटला, लखीराम वर चढला, खाली भीमसिंग. चार हात आरा गेला असेल, तेवढ्यात भीमसिंग खालून ओरडला, "उस्ताद, आरा दाबून राह्यला, वाकडा चालला!" लखीराम म्हणाला, "तू वाकडा, तुहा बाप वाकडा," आणि अजून जोर लावला. मी वर जाऊन पाहिलं तर लाल रेघ एकीकडे आणि आरा दुसरीकडे, मध्ये माझी चार बोटं मावतील एवढी जागा. रुंद फळी आता एकही निघणार नाही. लखीराम खाली उतरला, भीमसिंगच्या अंगावर धावून गेला. बाकीचे म्हणतात, मुद्दाम केलं, मुकादमाचं नाक कापायला. मलाही दुसरं काही सुचत नाही. वीस वर्षांच्या माणसाची रेघ चुकते कशी?

साहेबांनी त्याला पंधरा दिवस घरी बसवलं आहे. तो परत आला की ठेवायचा की काढायचा, याचा अहवाल मी लिहायचा. मला म्हणाले, "एक आरा बंद पडला. माल राहिला तर त्याच्यामागून तुम्हीही."

आणि सगळ्यांत न समजणारी गोष्ट. गाठोडं बांधून निघाला, फाटकापर्यंत गेला, परत आला. म्हणाला, "आर्णीवरून जातो. म्हातारीले काही द्याचं हाय काय?" मी चारोळीची पुडी दिली. माझा माल बुडवणारा माणूस माझ्या दादीसाठी पुडी नेतो. हे काय आहे, दादी?

प्रेमसिंग


तांडा
बुधवार, ८ एप्रिल १९५९

बेटा, हे पत्र मी तीनदा लिहाले घेतलं अन् तीनदा फाडलं.

ओंडक्याचं पाप माहं आहे. त्याले पुढं घाल हे मी सांगतलं. बैलाची गोठ मानसाले लावली. साहेब ओरडन तं माहं नाव सांगजो, मले काय करन तो, वर्गातून काढन?

लखीराम परवा आलता. चारोळी भेटली, चांगली आहे, दोन दाणे खवट निघाले. मी त्याले भाकर वाढली. मनात होतं का चांगली खरडपट्टी काढावं. पण मानूस तुही तारीफ करून राह्यला! म्हणे, "पोट्टा भला हाय, काकी. मले एकदा बी अरे तुरे नाही केलं." मंग तुह्या पोट्ट्याचा माल काहून बुडवला, हे माह्या ओठावर आलतं, तेवढ्यात माही नजर दाराच्या चौकटीवर गेली. ते दार तुले माहीत आहे, पावसाळ्यात लागत नाही. मी म्हटलं, उस्ताद आहेस तं हे पाह्य. तो उठला, चौकटीवर बोटं फिरवली, लाकडाले नाक लावलं. म्हणे, "हे साग नाही, चिचवा हाय. डाव्या अंगानं बोटभर खाली बसलं." खरं निघालं, बेटा! अन् तो सारा वेळ चौकटीकडं पाहतच नव्हता, तोंड अंगणाकडं होतं. मले लय नवल वाटलं. मी म्हटलं, केवढा मोठा उस्ताद, याले पाहा बी लागत नाही.

मंग निघाला. कुंपणावर मी गोधडी वाळू घातली होती, वर तुह्या बापाचं पागोटं होतं. लखीरामनं दोन्ही हात जोडले अन् गोधडीले म्हणे, "राम राम, भाऊ. येतो मंग."

गोधडी काय बोलते? तुही माय फिस्सकन हासली. शेजारचे पोट्टे हासले. अन् तिथं त्यानं भांडण काढलं! कुंपण कायले रस्त्यावर घेतलं, बायकांले हासाची लाज नाही काय, मुकादमाचं घर म्हणजे काय राजवाडा झाला काय. असा भांडला, असा भांडला का कुत्रे बी भुंकायचे थांबले. आजवर मले वाटे का मानूस भांडते, मंग त्याच्या हातून चूक होते. त्या दिवशी मी डोळ्यानं पाह्यलं, चूक पहिले झाली अन् भांडण मागून आलं, तिच्यावर घोंगडी टाकाले.

मी त्याले घरामागं नेलं अन् एकच गोठ विचारली. तो खालीच बसला. म्हणे, "वीस वर्सं लोक उस्ताद म्हणतात, काकी. खाली टाकलेल्याले कोणी उस्ताद म्हणत नाही." मंग त्यानं मले तुह्या गळ्याची आण घातली का मुकादमाले हे लिहाचं नाही. मी आण घेतली. आता तुहा गळा म्हणजे काही तानाबाईचा गळा नाही का मोडून पाहावं.

म्हणून मी तुले काही सांगत नाही. फक्त चौकट सांगतली, गोधडी सांगतली. तू शिकलेला आहेस.

दादी


डेपो, झरी
शनिवार, १८ एप्रिल १९५९

दादी, राम राम.

तुझं पत्र वाचून रक्त उकळलं. माझी भाकर खाऊन माझ्याच दारात, माझ्या आईला लाज नाही म्हणाला? मी इथे त्याचं घर जपतो आणि तो माझ्या घरी जाऊन तमाशा करतो. तुला आण काय घातली ते मला नीट कळलं नाही, पण ओळखलं : ओंडका मुद्दाम बिघडवला हे त्यानं तुझ्याजवळ कबूल केलं असणार, आणि आता भीतीनं तुझं तोंड बांधलं.

तो परवा परत आला. फाटकाशी झाडाखाली बसून असतो. अहवालाची वाट पाहतो. कामाला हात लावायची परवानगी नाही. भीमसिंगसाठी दुसरा जोडीदार मिळत नाही, म्हणून आरा उभाच आहे. पुढच्या शनिवारी मी साहेबांना अहवाल देणार. 'काढून टाकावा' एवढे दोन शब्द. मला वाईट वाटतं, पण एका माणसासाठी अकरा जणांचं काम मी बुडवू शकत नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस.

प्रेमसिंग


तांडा
मंगळवार, २१ एप्रिल १९५९
(हे पत्र पोस्टात नाही टाकलं. धरमसिंग वणीले जाऊन राह्यला, त्याले म्हटलं पुढं झरीपर्यंत जाय, नाही तं मी जाते.)

गाढवाच्या पोरा! नाही, तुहा बाप गाढव नाही, तू एकटाच.

मी काय लिहिलं अन् तू काय वाचलं! मले वाटे का लिहाले शिकली म्हणजे साऱ्यांले समजन. उलटंच झालं. तोंडानं सांगतलं असतं तं माहं तोंड पाहून तुले समजलं असतं. कागदाले तोंड नसते.

आण मोडत नाही. दोन दिवस मी सयपाकात मीठ विसरून राह्यली, तुही माय म्हणते, याडी, काय झालं? तिले बी सांगत नाही.

पण तुले हुकूम द्याची आण नाही घेतली मी. आईक. अहवाल लिहाच्या आधी तू स्वतः आऱ्याखाली उभा राह्य. मुकादम आहेस तं काय झालं, तुहा आजा गोणी उचले. भीमसिंगले वर पाठव. अन् तू खाली डोळे गच्च मिटून घे. गच्च! घटकाभर ओढ. मंग हात धू, अन् मंग तुले जे लिहाचं ते लिही. मी एक अक्षर बोलणार नाही.

डोळे मिटल्याशिवाय अहवाल लिहिला तं मले दादी म्हणू नको.

मानीबाई


डेपो, झरी
बुधवार, ६ मे १९५९

दादी, तुझे पाय कुठे आहेत, दोन्ही धरतो.

धरमसिंगकाका शुक्रवारी पोचले. पत्र वाचून मला वाटलं तुझं डोकं उन्हानं फिरलं. पण आज्ञा म्हणून खाली उतरलो. माणसं हसायला लागली. भुसा पहिल्या ओढीलाच तोंडावर आला, डोळे मिटावेच लागले, तुझा हुकूम नसता तरी. मग ओढत राहिलो. थोड्या वेळानं हातांना कळायला लागलं. आरा सरळ चालतो तेव्हा लोण्यातून जातो. वर भीमसिंगनं जरा रेघ सोडली की मनगटात कच्चकन लागतं. मी डोळे मिटून ओरडलो, "भीम्या, उजवीकडे गेला!" तो वरून म्हणाला, "हो मुकादम, कसं दिसलं?"

मला काही दिसलं नव्हतं, दादी. खाली कोणालाच काही दिसत नाही. दिसावं लागतं ते फक्त वर.

मी आरा सोडला. जेवणानंतरची भांडणं आठवली. गोधडी आठवली. गेरूची दोरी तो कधीच स्वतः मारत नव्हता, नेहमी दुसऱ्याला शिव्या देऊन मारून घेई. आणि त्या दिवशी नारळ फोडून मी त्याला सगळ्यांसमोर वर चढवलं. तो गप्प बसला तेव्हा मला आनंद झाला होता.

त्याला मी काही बोललो नाही. तुझी आण माझ्याही गळ्याला आहेच, गळा माझाच आहे. फक्त सकाळी सगळ्यांना जाहीर केलं : उरलेल्या मालाला पाळी बंद. उस्ताद खाली उभा राहील, हातानं आरा ओळखेल, वरच्या पोराला तिथून चालवेल.

झालं! एक भांडखोर होता, त्याचे सहा झाले. बाकीचे पाच उस्ताद म्हणाले, आमचा अपमान केला, आम्ही का भुसा खायचा? सर्वांत मोठ्यानं लखीराम ओरडला, "मले खाली टाकतो? वीस वर्साच्या मानसाले?" मी नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो. तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. किती दिसत होतं त्याला, देव जाणे. मग एकदम पाचही जणांकडे वळला आणि त्यांच्यावरच तुटून पडला. "कायले कोकलता? वर तं भीम्या बी उभा राह्यते! आरा खालून चालते, हे तुमच्या बापानं नाही सांगतलं?" आणि आऱ्याखाली जाऊन उभा राहिला.

पाचांपैकी दोघांनी ऐकलं, तिघांची जुनी पाळी चालू ठेवली. मी जास्त ताणलं नाही. लखीरामचा आरा आता सगळ्यांच्या पुढे आहे. दिवसभर खालून शिव्या देतो, भीमसिंग रेघेवरून केसभर हलत नाही.

अहवाल लिहिला. 'लखीराम भांडखोर आहे. कामास ठेवावा.' साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "यातलं खरं काय?" म्हटलं, दोन्ही. चष्मा पुन्हा चढवला आणि सही केली. त्यांना काही समजलं असं मला वाटत नाही.

एक मात्र राहिलं. डोळ्यांचं काय? मी विचारलं तर आण मोडते, नाही विचारलं तर तो पुढच्या वर्षी घोडीला धडकेल. मला सुचत नाही.

तुझा प्रेमसिंग


तांडा
सोमवार, १ जून १९५९

माह्या शहाण्या नातवाले दादीचे मुके.

लखीराम शुक्रवारी आलता. माल आठ दिवस आधी झाला अन् साहेबानं तुले दिवाळीनंतर पुन्हा बोलावलं, हे त्यानंच सांगतलं. मी नाचली. खरं सांगते, गुडघे विसरून नाचली. तुही माय म्हणे, याडी, पडसान. गूळ पुन्हा वाटला. तानाबाईले दोन खडे जास्त दिले, तिनं 'गूळ' पाटीवर लिहून दाखवला, बराबर.

तुले सुचलं नाही ते मले सुचलं, अन् ते बी भाकर थापता थापता. यवतमाळले डोळ्याचा डाक्टर आलता, तीन दिवस एका शाळेत तपासणी. मी लखीरामले म्हटलं, "भाऊ, मले आताशा काही दिसत नाही. घरचे सारे वावरात. तू मोठा मानूस, मले नेतो काय?" तो म्हणे, "मी काय तुहा सालदार हाय?" दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीजवळ माह्या आधी उभा.

तिथं ही गर्दी! त्यानं तिघांशी भांडून मले रांगेत पुढं घातलं. म्हणे, बुढी आंधळी हाय, तुमाले दिसत नाही काय? डाक्टरनं माह्या डोळ्यात बत्ती मारली, पाटीवरची अक्षरं वाचाले लावली. आता माहं चुकलं. अक्षरं दिसली का मले दम निघत नाही, मी साऱ्या ओळी घडाघडा वाचल्या, खालची बारीक बी. डाक्टर म्हणे, "आजी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. आलात कशाला?" मी म्हटलं, "माहा भरोसा नाही तुह्या बत्तीवर. या मानसाचे पाह्य, म्हणजे मले समजन बत्ती खरी का खोटी." लखीराम मागं सरकला, पण माहा हात त्याच्या सदऱ्याले होता.

मोतीबिंदू आहे बेटा, दोन्ही डोळ्यांत. डाक्टर म्हणे, डावा पिकला, पावसाळा सरला का कापता येते, दिसन. लखीरामनं ऐकून घेतलं अन् मंग डाक्टरशी भांडला. त्याची बत्ती मंद आहे म्हणे, त्याची पाटी मळकी आहे म्हणे. डाक्टर बिचारा माह्याकडं पाहे. मी म्हटलं, लिहून दे तू, कागद मी ठेवते. कागद माह्या पेटीत आहे. तो म्हणते, मी येणार नाही. म्हणजे दिवाळीनंतर मले पुन्हा आंधळं व्हा लागन.

मले एक समजलं नाही. मले वाटत होतं का डोळ्याचं कळलं म्हणजे त्याचं भांडणं जाईन. ते तं जसंच्या तसं आहे! मंग त्यातलं डोळ्याचं किती अन् त्याचं सोतःचं किती? तू समजलास तं मले लिहिजो. मले वाटते तो तिन्ही जातीचा आहे.

शाळेबाहेर निघालो तं पायऱ्या होत्या, सात. तो म्हणे, "काकी, माह्या मागं मागं ये, खांद्यावर हात ठेव, नाही तं पडशीन." मी ठेवला. जिथं पायरी आली तिथं खांदा जरा दाबला, तो थांबला. सोडला, तो उतरला. अशा साती पायऱ्या उतरलो. खाली येऊन फाटकाच्या खांबाजवळून मी त्याले हळूच डावीकडं वळवला, तं वसकन म्हणे, "ढकलून कायले राह्यली, बुढे? तुले दिसत नाही तं निदान गप चाल."

मी गप चालली.

तुही दादी मानीबाई